विकलेल्या नाण्याचा भाव पुसून टाकू नका

नाशिकमधील नाणी व टपाल तिकीट संग्राहक मंडळांचे पदाधिकारी, प्रदर्शनांचे संयोजक आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील खरेदी-विक्रीचे गट सांभाळणारे यांस,



आपल्या गटांत नाण्याचा फोटो पडला की खाली 'भाव?' अशी विचारणा होते आणि विकणारा म्हणतो, 'इनबॉक्समध्ये या.' व्यवहार ठरला की फोटोही नाहीसा होतो. माझी मुख्य तक्रार याचीच आहे. भाव उघड नसला की गिऱ्हाईक पाहून आकडा ठरतो. नोंदच पुसली, तर चांदवडी रुपया कोणत्या अवस्थेत कितीला गेला, हे नव्याने छंदाला लागलेल्या कॉलेजातल्या मुलाने कोणाला विचारायचे? जुने जाणकार सांगतीलच असे नाही. त्यांतले काही स्वतःच विकणारे असतात. म्हणून भाव लिहिल्याशिवाय फोटो टाकू देऊ नका. वस्तू गेली की खाली 'विकले' लिहायला लावा, पण नोंद आणि भाव तसेच राहू द्या.

नाणे आले कुठून, हे विचारणे आपल्याकडे उद्धटपणाचे समजले जाते. नाशिक जिल्ह्यात तरी तसे व्हायला नको. 1906 साली याच जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षहरात राजा नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. त्याने केलेला क्षहरातांचा पराभव केवढा मोठा होता, हे त्या प्रमाणातून दिसते, आणि ते प्रमाण कळले ते साठा एकत्र तपासला गेला म्हणून. हीच नाणी एकेक करून विकली गेली असती, तर प्रत्येकाला एक सुंदर नाणे मिळाले असते आणि इतिहास कोणालाच मिळाला नसता. आज 'शेतात सापडलेली' असे अभिमानाने लिहून नाणी विकायला येतात. 1878 च्या कायद्यानुसार असे धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांचा धंदा करायचा तर 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली परवाना लागतो. गट चालवणाऱ्याला हे ठाऊक असलेच पाहिजे, आणि अशी नोंद दिसताच त्याने ती थांबवून कायदा समजावून सांगितला पाहिजे.

खोट्या मालाबद्दल वेगळे सांगायला नको, पण उपाय साधा आहे. दोन्ही बाजूंचे फोटो, वजन आणि व्यास सक्तीचे करा. ब्रिटिश काळातल्या चांदीच्या रुपयाचे वजन 11.66 ग्रॅम असते. काट्यावर ठेवल्याबरोबर बरीच नकली नाणी उघडी पडतात. नाणे घासून चकचकीत केले असेल, तर तेही लिहायला लावा. घासून जातो तो डाग नव्हे, काळाने चढवलेला थर असतो आणि तो परत येत नाही. तिकिटांत गोंद नव्याने लावला आहे का, हे सांगणे तितकेच गरजेचे. 1948 चे गांधीजींचे दहा रुपयांचे तिकीट स्वित्झर्लंडमध्ये छापले गेले. त्याच्या नकला आणि त्यावर मारलेले बनावट 'सर्व्हिस' छाप कितीतरी हातांतून फिरत असतात. जिथे तिकिटे छापणारे प्रतिभूती मुद्रणालय 1925 पासून आहे, त्या गावात तरी असे तिकीट दोन जाणकारांच्या नजरेखालून गेल्याशिवाय विक्रीला येऊ देऊ नये.

घेणाराही दोषी असतो. 'बुक' लिहून चार दिवस गप्प बसायचे, मग भाव पाडून मागायचा, दुसऱ्याशी ठरत आलेल्या सौद्यात इनबॉक्समधून जास्त रक्कम सांगायची. पहिल्याने 'घेतो' लिहिले की ठराविक मुदतीपर्यंत ती वस्तू त्याची, असा एकच नियम करा आणि ओळखीच्या माणसालाही तो लावा.

एक सूचना गटाच्या माथ्यावर कायम असू द्या. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी आपण कोणाकडूनही शुल्क वा कमिशन मागत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केले आहे. तरीही दोन रुपयांच्या नाण्याचे लाखो मिळतील या आशेने लोक आधी 'नोंदणी फी' भरतात. घरातली जुनी पेटी उघडून बसलेल्या आजीआजोबांना फसवणे सोपे असते, म्हणून हे मराठीत आणि ठळक लिहा.

संयोजकांना स्वतंत्र विनंती. पुढच्या प्रदर्शनात टेबल देण्यापूर्वी प्रत्येक विक्रेत्याकडून दोन गोष्टींची लेखी हमी घ्या: प्रत्येक विक्रीची पावती आणि वस्तू खोटी निघाल्यास पैसे परत. परतीची मुदत किती, ते आपण ठरवा. ती टेबलावर लिहिलेली असावी, आणि न पाळणाऱ्याला पुढच्या वर्षी टेबल मिळू नये.

आपला,
नाशिकचा एक नाणेसंग्राहक