संगणक कोणाशी बोलतो?

समजा शेवगावातल्या एका घरी संगणक मोबाइलच्या इंटरनेटवर चालतो. कोणी काही उघडलेले नाही, तरी सेकंदाला 50 किलोबाइट माहितीची ये-जा चालू आहे. आकडा क्षुल्लक वाटतो. पण तासाला 180 मेगाबाइट आणि आठ तासांत जवळजवळ दीड गिगाबाइट! दिवसाचा पॅक संपला. अशा वेळी दुरुस्तीच्या दुकानात ठरलेले उत्तर मिळते: "व्हायरस असेल, फॉरमॅट मारा." माझ्या मते ही निव्वळ घाई आहे. कारण कळले नाही, तर तेच आठवड्याने पुन्हा घडेल.

घरातले सगळे दिवे बंद असूनही विजेच्या मीटरवरचा दिवा लुकलुकत राहिला, तर आपण घराची सगळी वायरिंग उपटत नाही. एकेक बटण बंद करून मीटर पाहतो. संगणकाचेही तसेच करावे. विंडोजमधील 'रिसोर्स मॉनिटर' उघडला की कोणता प्रोग्रॅम किती माहिती पाठवतो, ते नावानिशी दिसते. 'नेटस्टॅट' ही आज्ञा दिली की पलीकडचे पत्तेही कळतात. वेळ, प्रोग्रॅम, पत्ता आणि आकडा वहीत लिहा. एका वेळी एकच गोष्ट बंद करा.

पुष्कळदा चोर निघतच नाही. 2015 साली आलेल्या विंडोज 10 च्या घरगुती आवृत्तीत आपल्याकडे उतरलेले अपडेटचे तुकडे परक्या संगणकांनाही पुरवले जात! (हा परोपकार आपल्याला न विचारता का, हा प्रश्न रास्तच आहे.) सेटिंगमध्ये जाऊन ती सोय बंद करता येते.

कधी चोर निघतोही. 1986 साली अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत संगणक-वापराच्या हिशेबात 75 सेंटची तफावत आली. क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाने ती सोडून दिली नाही. महिनोन् महिने नोंदी ठेवल्या, तेव्हा धागा पश्चिम जर्मनीतील हानोवरच्या घुसखोरापर्यंत पोचला. पहिल्याच दिवशी संगणक पुसला असता, तर काय हाती लागले असते?

अनोळखी प्रोग्रॅम आढळलाच तर नोंद करा, लगेच इंटरनेट तोडा आणि घरी सांगा. भारत सरकारने 2017 मध्ये सुरू केलेले 'सायबर स्वच्छता केंद्र' सफाईची साधने फुकट देते. त्यानंतर खुशाल फॉरमॅट करा. शिक्षकांनी हा शोध शाळेच्या संगणकावर एका तासिकेत करून घ्यावा. दुसऱ्याच्या संगणकात मात्र परवानगीशिवाय डोकावू देऊ नये.