माळ ओसाड नव्हे

शिरूर व दौंड तालुक्यांतील मुलांस माळरानाची ओळख करून देण्याची गरज नाहीं. पाऊस बेताचा, माती उथळ, जमीन खडकाळ, आणि वर्षांतील बहुतेक महिने पिवळें दिसणारें गवत. अशा जमिनीस आपण सहज 'पडीक' म्हणतों. हा एक शब्दच माळढोक पक्ष्यास फार महाग पडला आहे, असें आमचें मत आहे.

माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांतील सर्वांत जड पक्ष्यांपैकीं एक. नराचें वजन १५ किलोपर्यंत भरतें. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडें घालते. दूरवर नजर पोंचेल असें मोकळें गवताळ रान हेंच त्याचें घर. तें नांगरलें किंवा तेथें दाट झाडी लावली, तर त्यास राहावयास जागा उरत नाहीं. उंच विजेच्या तारा तर उडतांना त्यास वेळेवर दिसत नाहींत, व त्यांवर आदळून तो मरतो.

१९७९ सालीं सोलापूर व तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांत ८,४९६ चौरस किलोमीटरांचें माळढोक अभयारण्य जाहीर झालें. आपल्या दौंडच्या शेजारचे, भीमेपलीकडील श्रीगोंदें व कर्जत हे तालुके त्यांत होते. परंतु त्यांत गांवें व शेतेंही आलीं. जमिनीच्या व्यवहारांस अडथळे झाले, आणि लोकांस पक्षी शत्रूसारखा वाटूं लागला. पुढें हें क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावें लागलें. लोकांचें मन न जिंकतां नुसती सीमा आंखल्यानें रक्षण होत नाहीं, हा यांतील धडा.

आज साऱ्या भारतांत माळढोक दोनशेंहूनही कमी उरले असून त्यांपैकीं बहुतेक राजस्थानांत आहेत. तेथें २०१९ पासून अंडीं उबवून पिलें वाढविण्याचें काम चालू आहे. परंतु उद्यां हीं पिलें महाराष्ट्रांत सोडावयाचीं म्हटलें, तर सोडावयाचीं कोठें?

वृक्षारोपण पुण्यकर्म खरें. पण तें योग्य स्थळीं. शाळेचें आवार, रस्त्याच्या कडा, विहिरीचा कांठ येथें झाडें अवश्य लावावीं. गायरानाचें गवत मात्र गवतच राहूं द्यावें. धनगरांच्या मेंढरांस पाळीपाळीनें चराई मिळाली, तर माणसाचें पोट व पांखराचें घर दोन्हीं सांभाळतील. दौंडला लागून असलेल्या सुप्याच्या लहानशा मयूरेश्वर अभयारण्यांत चिंकारा हरणें अशाच माळावर टिकून आहेत.

ज्या निर्मात्यानें घनदाट अरण्य केलें, त्यानेंच हा उघडा माळही केला. पालकहो, मुलांस झाड लावावयास जरूर शिकवा. पण जेथें झाड लावूं नये, ती जागा ओळखावयासही शिकवा.