पाहुण्या भाचरांकडे लक्ष कोणाचे?

मे महिन्याची सुट्टी लागली, की घाटकोपरच्या घरांत भाचरे उतरतात. कोणी साताऱ्याहून, कोणी नाशिकहून, तर कोणी मेट्रोने अंधेरीहून चार दिवसांसाठी. पंतनगरच्या दोन खोल्यांत किंवा असल्फ्याच्या टेकडीवरच्या घरात दहा माणसे सहज मावतात. मामी आमरस काढते, आजी गोष्टी सांगते आणि मुलांच्या आईला वर्षातून एकदा दुपारची निवांत झोप मिळते. हे सुख कमी व्हावे असे कोणीच म्हणणार नाही. प्रश्न एवढाच, की घरात सात मोठी माणसे असताना दोन वर्षांच्या भाचीकडे नेमके कोणाचे लक्ष असते?

उत्तर बहुधा ‘सगळ्यांचे’ असे येते आणि घोळ तिथेच होतो. आईला वाटते, आजी आहे. आजीला वाटते, मामी आहे. मामी गॅससमोर आणि मामा फोनवर. अपघात विभागात मूल घेऊन आलेल्या कुटुंबाला ‘तेव्हा जवळ कोण होतं?’ असे विचारले, की सगळे एकमेकांकडे पाहू लागतात. यात कोणी निष्काळजी नसते. जबाबदारीवर कोणा एकाचे नाव नसते, इतकेच.

दुसरी अडचण घराची. मूल रांगू लागले की त्याच्या स्वतःच्या घरातल्या वस्तू हळूहळू वर चढतात. मामाकडची मुले मात्र आता कॉलेजात. तिथे त्या वस्तू केव्हाच पुन्हा खाली आलेल्या असतात. सर्वांत धोक्याची वस्तू म्हणजे आजी-आजोबांच्या गोळ्या. उशाशी, टीव्हीजवळ किंवा पर्समध्ये ठेवलेल्या. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी एक गोळीसुद्धा लहान मुलाच्या रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकते आणि हा परिणाम काही तासांनी दिसू शकतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचेही तसेच. म्हणून ‘गोळी खाल्ली, पण खेळतोय की’ असे म्हणून घरी थांबणे चूक ठरते.

देवघरातला कापूर असाच फसवा. खडीसाखरेसारखा दिसतो, वास छान येतो. पण थोडासा कापूर पोटात गेला, तरी लहान मुलाला काही मिनिटांतच झटके येऊ शकतात. आरती झाली की डबी वरच्या फळीवर गेली पाहिजे.

पाण्याचा धोका टेकडीवरच्या वस्त्यांत अधिक. तिथे पाणी ठरावीक वेळेला येते, त्यामुळे पिंपे आणि बादल्या भरून ठेवाव्याच लागतात. दीड वर्षाच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. डोकावताना तोल गेला, तर त्याला परत उठता येत नाही. बादलीत वीतभर पाणी असले तरी पुरते, आणि बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. पिंपाला घट्ट झाकण, रिकामी बादली पालथी आणि न्हाणीघराला बाहेरून कडी, एवढे पुरे. पुनर्विकासानंतर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये धोका खिडकीचा. जुन्या इमारतीतली लोखंडी जाळी गेली, सरकत्या काचा आल्या. खिडकीलगतचा सोफा किंवा पलंग चार दिवसांसाठी तरी बाजूला सरकवावा.

तापाच्या औषधाची चूकही पाहुण्या मुलांच्या बाबतीत सहज होते. आई बाजारात गेली, भाच्याला ताप आला, मावशीने घरातली पॅरासिटामॉलची बाटली काढून चमचाभर पाजले. पण एका सिरपच्या पाच मिलीच्या चमच्यात १२५ मिलिग्रॅम औषध असते, तर दुसऱ्याच्या तेवढ्याच चमच्यात २५०. तान्ह्यांसाठीच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलीतच १०० मिलिग्रॅम असते. म्हणजे चमचाभर पाजले तर ५००. मात्रा ठरते ती वजनावर. किलोमागे १५ मिलिग्रॅम धरले, तर बारा किलोच्या मुलाला एका वेळी १८० पुरतात. म्हणून आईने येतानाच मुलाचे वजन, औषधाचे नाव, त्याची मात्रा आणि कशाची अॅलर्जी असल्यास तीही कागदावर लिहून फ्रीजवर लावावी.

हे सारे सोपे आहे, तरी होत नाही. कारण आड येतो संकोच. भावाच्या घरी गेलेल्या बहिणीला ‘वहिनी, गोळ्यांचा डबा वर ठेवता का?’ असे म्हणणे अवघड वाटते. नणंदेच्या मुलाला दटावायला मामी कचरते. त्यात एखादे ज्येष्ठ म्हणतात, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं, तरी आम्ही वाढलोच ना!’ वाढले ते खरे. पण जी मुले वाढली नाहीत, ती हे वाक्य म्हणायला आज बैठकीत नाहीत. शिवाय तेव्हाच्या घरात इतकी औषधेही नव्हती आणि खिडकी पंधराव्या मजल्यावर नव्हती.

रुग्णालयात पाळी बदलताना एक परिचारिका दुसरीला प्रत्येक रुग्णाची माहिती सांगूनच जाते. घरातही तसेच करता येईल. ‘आता अर्धा तास लक्ष माझं’ असे एकाने मोठ्याने म्हणावे. तेवढा वेळ फोन आणि स्वयंपाक दोन्ही बाजूला. उठायचे झाले, तर नाव घेऊन दुसऱ्याकडे सोपवावे आणि ‘हो’ ऐकूनच उठावे. हे काम नऊ वर्षांच्या ताईवर टाकू नये. ती स्वतःच मूल आहे. पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी मामाने गुडघ्यांवर बसून, मुलाच्या उंचीवरून सगळे घर एकदा पाहावे. काय काय हाताला लागते, ते लगेच कळेल.

एवढे करूनही काही घडलेच, तर घाबरून भलतेच करू नये. चहा सांडून भाजले, तर वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावे. बर्फ, हळद, टूथपेस्ट काही लावू नये. गोळी, कापूर किंवा रॉकेल पोटात गेले, तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. गोळ्यांचे पाकीट किंवा बाटली बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठावे. घाटकोपर पूर्वेला महापालिकेचे राजावाडी रुग्णालय आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि विषबाधेच्या सल्ल्यासाठी दिल्लीच्या ‘एम्स’मधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो. हे दोन्ही क्रमांक फ्रीजवरच्या त्याच कागदावर लिहून ठेवावेत.

भाचरांचे लाड घरातल्या सगळ्यांनी करावेत. लक्ष ठेवण्याचे काम मात्र एका वेळी एकाच्याच नावावर असावे.