मनमानीची आणीबाणी

कोलोरॅडोतील क्रेगचा कोळशावरील वीजसंच झडप निकामी झाल्याने बंद पडला होता. वर्षअखेरीस तो कायमचाच निवृत्त व्हायचा होता. तरीही 30 डिसेंबर 2025 रोजी अमेरिकी ऊर्जा खात्याने हुकूम सोडला की, तो वीज देण्यास सज्ज ठेवा. म्हणजे आधी मालकांनी पैसे घालून तो दुरुस्त करायचा. ही शुद्ध मनमानी आहे. तिची सुरुवात मे महिन्यात मिशिगन सरोवराच्या काठी झाली. तिथेच ती रोखली गेली असती, तर क्रेगवर ही वेळ आली नसती.

मिशिगन राज्यातील वेस्ट ऑलिव्हचे जे. एच. कॅम्पबेल वीज केंद्र 31 मे 2025 रोजी बंद होणार होते. त्याचा पहिला संच 1962चा, दुसरा 1967चा, तिसरा 1980चा. सुमारे 1,400 मेगावॉटच्या या केंद्राने पश्चिम मिशिगनच्या घरांना आणि कारखान्यांना दोन पिढ्या वीज दिली. तिथे राबलेल्या कामगारांचे ऋण नाकारण्याचा प्रश्नच नाही. पण केंद्र बंद करण्याचा निर्णय रातोरात झाला नव्हता. कन्झ्युमर्स एनर्जी या मालक कंपनीने 2021 मध्ये कोळसा सोडण्याची योजना मांडली. राज्याच्या लोकसेवा आयोगापुढे सुनावण्या झाल्या, 2022 मध्ये मंजुरी मिळाली. कोळसा सोडल्याने 2040 पर्यंत ग्राहकांचे सुमारे 60 कोटी डॉलर वाचतील, असा कंपनीचा हिशेब होता. तूट भरून काढण्यासाठी कव्हर्टचे सुमारे 1,200 मेगावॉटचे वायू-वीज केंद्र विकतही घेतले गेले. सगळे रीतसर, चार वर्षे आधी ठरवून.

आणि मुदतीला आठ दिवस उरले असताना ऊर्जामंत्री ख्रिस राइट यांना आणीबाणी दिसली! युद्ध किंवा अचानक ओढवलेल्या संकटासाठी संघीय वीज कायद्यात ठेवलेला अधिकार त्यांनी इथे वापरला. आणीबाणी नव्हती, हे राज्याच्या आयोगाच्या अध्यक्षांनीच सांगितले. आदेश 90 दिवसांचा होता. ऑगस्टमध्ये तो पुन्हा निघाला, नोव्हेंबरमध्ये तिसऱ्यांदा. दर 90 दिवसांनी नूतनीकरण होते ती आणीबाणी नव्हे, ते धोरण आहे. धोरण बदलायचे तर कायदेमंडळात या, सुनावणी घ्या, लोकांना तोंड द्या. 1975ची आणीबाणी अनुभवलेल्या आपल्या देशाला हे वेगळे सांगायला नको.

भुर्दंड कोणाला? सप्टेंबरअखेरपर्यंत केंद्र चालवण्याचा निव्वळ तोटा 8 कोटी डॉलरवर गेला. तो मिशिगनसह मध्य-पश्चिमेतील अनेक राज्यांच्या वीजग्राहकांवर वाटण्यास संघीय नियामकांनी मान्यता दिली. हुकूम वॉशिंग्टनचा, बिल मात्र ज्याला कोणी विचारलेच नाही त्या ग्राहकाचे. सरोवराकाठच्या वस्त्यांनी केंद्राचा धूर आणखी किती काळ सोसायचा, हे तर कोणीच सांगत नाही. डेटा सेंटरमुळे मागणी वाढते आहे हे खरे. पण वाढती मागणी नियोजनाने भागवायची असते, दंडेलीने नव्हे.

याच मागणीच्या नावाखाली मुंबईतही हेच घडले. ट्रॉम्बेचा कोळशावरील संच बंद करण्याचे ठरले आणि मग विजेची गरज पुढे करून तो निर्णय लांबवला गेला. शेजारच्या माहुल-चेंबूरच्या रहिवाशांना मात्र कोणी विचारले नाही. नागपूरजवळच्या कोराडीत जुलै 2022 मध्ये वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, राख शेतांत आणि नाल्यांत पसरली. तरीही तिथेच 660 मेगावॉटच्या आणखी दोन संचांचा घाट घातला गेला. शेजारच्या गावांची सहनशीलता सगळ्याच राज्यकर्त्यांनी गृहीत धरली आहे.

केंद्र बंद करण्याची तारीख हा जनतेला दिलेला शब्द असतो. त्या शब्दाच्या भरवशावर कामगार पुढची सोय पाहतात, गावे जमिनीचे नियोजन करतात, ग्राहक बिलाचा अंदाज बांधतात. तो एका सहीने मोडता येत असेल, तर सुनावण्या आणि मंजुऱ्या यांना काही अर्थच उरत नाही. मिशिगनच्या महाधिवक्ता डेना नेसेल यांनी या आदेशांना आव्हान दिले आहे. न्यायालयाने ते रद्द करावेत आणि तोवरचा खर्च आदेश काढणाऱ्या सरकारच्या तिजोरीतून वसूल करावा. महाराष्ट्रानेही जुन्या संचांच्या तारखा कायद्याने बांधाव्यात. ज्याला त्या मोडायच्या असतील, त्याने आधी लोकांसमोर येऊन कारण द्यावे आणि पैसेही स्वतः मोजावेत.