युद्ध राज्याचे, भुर्दंड कर्मचाऱ्याला

अमेरिकेतील सक्तीची सैन्यभरती १९७३ साली थांबली. तेव्हापासून त्या देशाच्या युद्धांचा भार स्वेच्छेने भरती झालेले सैनिक आणि राखीव दले यांवर पडत आला आहे. राखीव दलातील माणूस एरवी टपाल वाटतो, तुरुंगावर पहारा देतो, नाहीतर शाळेत शिकवतो; हुकूम येताच त्याला गणवेश चढवावा लागतो. त्याच्या रजेचे नियम हा वरकरणी कारकुनी विषय वाटेल. वस्तुतः युद्धाची किंमत कोणी मोजावयाची, हा प्रश्न त्यात दडलेला आहे.

तेथील केंद्र सरकारच्या पूर्णवेळ कर्मचाऱ्याला लष्करी सेवेसाठी अनेक वर्षे दरसाल १५ दिवसांची पगारी रजा मिळत असे. सवलत उदार दिसे. पण अनेक वर्षे सरकारी खाती तिच्या मोजणीत साप्ताहिक सुट्टीचे दिवसही धरीत. ज्या दिवशी कामच नव्हते, त्या दिवसाचीही रजा कापली जाई. मग उरलेल्या प्रशिक्षणासाठी हक्काची वार्षिक रजा खर्ची घालावी लागे, किंवा पगारावर पाणी सोडावे लागे. २००० साली कायद्यात दुरुस्ती झाली. तरीही मागचा हिशेब चुकता करून घेण्यासाठी तुरुंग खात्यातील कर्मचाऱ्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. ही मोजणी मुळातच बेकायदा होती, असा निर्वाळा २००३ साली मिळाला.

दीर्घकाळ सेवेवर जाणाऱ्यांसाठी २००९ साली आणखी एक तरतूद झाली. लष्करी वेतन मुलकी वेतनाहून कमी असेल तर फरक सरकारने भरून द्यावा, अशी ती तरतूद. निक फेलिसियानो हे हवाई वाहतूक नियंत्रक २०१२ साली तटरक्षक दलाच्या सेवेवर बोलावले गेले. त्यांना हा फरक नाकारण्यात आला. त्यांची सेवा राष्ट्रीय आणीबाणीशी प्रत्यक्ष निगडित असल्याचे सिद्ध झाले नाही, असे कारण देण्यात आले. आणीबाणी जाहीर करणारे सरकार, सेवेवर बोलावणारे सरकार, आणि पुरावा मात्र कर्मचाऱ्याने द्यावयाचा! सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये ही अट फेटाळली, तीही ५ विरुद्ध ४ अशा निसटत्या बहुमताने.

टेक्सासमधील प्रकरण याहून बोलके आहे. सैनिक परतल्यावर त्याला नोकरीत परत घेण्याचे, आणि सेवेत अपंगत्व आले असल्यास त्याला झेपेल असे काम देण्याचे बंधन १९९४ च्या कायद्याने मालकांवर घातले आहे. राज्य पोलीस दलातील ले रॉय टोरेस इराकमधून परतले ते जळत्या कचऱ्याच्या धुराने निकामी झालेली फुप्फुसे घेऊन. त्यांनी पर्यायी काम मागितले. ते न मिळाल्याने दावा लावला. तेव्हा टेक्सासने सार्वभौमत्वाची ढाल पुढे केली : राज्यावर असा दावाच चालत नाही! २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती ढाल बाजूला सारली. बहुमत येथेही ५ विरुद्ध ४ असेच.

हे लोक आपखुशीने सैन्यात गेले, युद्धविरोधकांनी त्यांची चिंता का वाहावी, असा आक्षेप कोणी घेईल. तो टिकणारा नाही. युद्ध पुकारण्याचा निर्णय टपालवाल्याचा किंवा पहारेकऱ्याचा नसतो. शिवाय युद्धाचा खरा खर्च जोवर कापलेल्या रजेत, बुडालेल्या पगारात आणि गमावलेल्या नोकरीत विखरून लपवता येतो, तोवर सत्ताधाऱ्यांना युद्ध स्वस्त वाटत राहते. तो खर्च पूर्णपणे सरकारी तिजोरीवर पडला, तर अंदाजपत्रकात तो सर्वांना दिसेल आणि लोकप्रतिनिधींना त्याचा जाब द्यावा लागेल.

म्हणूनच या कर्मचाऱ्यांच्या हक्कांसाठी झगडणे आणि युद्धखोरीला विरोध करणे यांत विसंगती नाही. खाजगी मालकावर जे बंधन राज्यसंस्था घालते, ते तिने स्वतः प्रथम पाळले पाहिजे. नागरिकाचे आयुष्य मागण्याचा अधिकार सांगणाऱ्या राज्याने त्याच्या रजेत काटकसर करावी, यापरते लांच्छन नाही.