षष्ठीचें नाम आणि त्यामागून येणारें सर्वनाम

महाल असो कीं धरमपेठ, बँकेच्या किंवा सरकारी नोकरीच्या परीक्षेस बसणारें कोणीच नाहीं, असें सुशिक्षित घर नागपुरांत आज विरळाच. इंग्रजी वाक्यांतील चूक दाखविण्याचा प्रश्न या परीक्षांत हटकून असतो, आणि त्यावरून घरांतील वडीलधारी व मुलें यांत वादही होतात. त्यांपैकीं एका वादाचा आज विचार करूं.

‘सीताज मदर कॉल्ड हर’, म्हणजे सीतेच्या आईनें तिला हांक मारली. हें वाक्य शुद्ध कीं अशुद्ध? कांहीं नियमकार म्हणतात, षष्ठ्यंत पद हें विशेषणासारखें. सर्वनाम तर नामाबद्दल यावयाचें. सबब ‘सीताज’ या पदाकडे ‘हर’ जाऊं शकत नाहीं.

या नियमानें अमेरिकेंत एकदां मोठा गोंधळ उडविला. २००२ सालच्या ‘पीएसएटी’ परीक्षेंत टोनी मॉरिसन या लेखिकेची प्रतिभा ‘तिला’ कादंबऱ्या रचण्यास समर्थ करिते, अशा आशयाचें एक वाक्य होतें. परीक्षकांच्या मतें त्यांत चूक नव्हती. मेरीलंडमधील एका शिक्षकानें हा नियम पुढें करून हरकत घेतली, आणि २००३ सालीं तो प्रश्न गणनेंतून वगळण्यांत आला. परंतु तेवढ्यानें वाक्य अशुद्ध ठरलें काय? आमच्या मतें नाहीं. तेथें ‘ती’ म्हणजे मॉरिसन, याविषयीं कोणासही संशय येत नाहीं.

हा प्रश्न आपल्याकडेही जुनाच आहे. समासांत दडलेल्या पदाकडे सर्वनाम जाऊं शकतें, असें वामनानें इ. स. ८०० च्या सुमारास आपल्या काव्यालंकारसूत्रांत मान्य केलें आहे.

खरा दोष असतो तो संदिग्धतेचा. ‘रामाच्या भावाला त्याचें पत्र मिळालें’. येथें पत्र कोणाचें? शिवाय मराठींत ‘रामानें गोविंदास आपली वही दिली’ आणि ‘त्याची वही दिली’ यांतील भेद स्पष्ट आहे. इंग्रजींत दोन्हीकडे ‘हिज’ एवढेंच येतें. म्हणून भाषांतर करितांना आमच्या मुलांनीं येथेंच अधिक जपावें.

तात्पर्य, मुलांस असें शिकवावें कीं, सर्वनाम दिसतांच ‘कोण?’ असें विचारावें. उत्तर एकच येत असेल तर वाक्य बहुधा निर्दोष. दोन येत असतील तर नामाची द्विरुक्ति करावी. परीक्षेंत प्रथम वचनाची व क्रियापदाची चूक शोधावी. या वादग्रस्त नियमाकडे सर्वांत शेवटीं वळावें. आणि अशा एका प्रश्नावरून मुलाचे गुण गेले, तर त्याच्या बुद्धीस बोल लावण्यापूर्वीं वडीलमंडळींनीं नियमाचीही परीक्षा घ्यावी.