वंशावळीत न सापडणाऱ्या बायका

आमच्या उमरखेडच्या घरात ओसरीवर एक वंशावळ टांगलेली आहे. आजोबांनी टाक आणि शाईने काढलेली, सात पिढ्यांची. तीत बत्तीस नावे आहेत आणि बत्तीसही पुरुषांची. मला ते खटकले फार उशिरा, एका परदेशी शिपायाचे घराणे धुंडाळताना.

या शिपायांशी आपला संबंध वाटतो तितका दूरचा नाही. वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांकडे गेले, त्याआधी ते निझामाचे. निझामाच्या फ्रेंच पलटणींचा सरदार रेमाँ हैदराबादेतच १७९८ मध्ये वारला. मूसारामबाग हे नाव त्याच्याच नावाचा अपभ्रंश. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला तो निझामाकडून लढला, तेव्हा समोर शिंद्यांच्या कवायती फौजेवर पेराँ हा दुसरा फ्रेंचच होता!

माझे मन गुंतले ते पेराँच्या आधीच्या सेनापतीत. महादजी शिंद्यांच्या पलटणी उभारणारा डी बॉइन, जन्म १७५१, गाव शाँबेरी. काटेकोरपणे पाहिले तर तो सव्हॉयचा, फ्रेंच नव्हे; पण सुरुवातीची नोकरी फ्रेंच सैन्यातली. अशा माणसाचा माग काढणे सोपे असते. चर्चची बाप्तिस्म्याची नोंद असते, पत्रे असतात, मृत्युपत्र असते. शाँबेरीच्या चौकात तर त्याच्या नावाने हत्तींचे कारंजेच उभे आहे.

आणि बायको?

हिंदुस्थानात त्याने जिच्याशी संसार केला तिचे नाव कोणी नूर देतात, कोणी हलीमा. १७९७ मध्ये तो तिला आणि दोन मुलांना घेऊन इंग्लंडला पोचला. तिथे ती हेलन बेनेट झाली. बानूची झाली ॲन, अलीबक्षचा झाला चार्ल्स. पुढच्याच वर्षी सत्तेचाळिशीतल्या सेनापतीने सतरा वर्षांच्या एका उमराव मुलीशी लग्न केले. ते काही टिकले नाही. मूलबाळही झाले नाही. नवी काउंटेस मात्र आपल्या आठवणी लिहून गाजली. नूर ससेक्समध्ये एकटी राहिली आणि १८५३ मध्ये वारली. गंमत अशी, की डी बॉइनचा वंश पुढे चालला तो तिच्याच मुलापासून. आज सव्हॉयमध्ये त्या घराण्याचा काउंट म्हणवणाऱ्याची मूळ आजी ही आपल्याकडची बाई.

तिची बहीण फैज बक्ष जनरल पामरची पत्नी. हा पामर १७९८ ते १८०१ पुण्याच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट होता. फैजच्या मुलाच्या पेढीने पुढे निझामाला कर्जे दिली. एवढा पसारा, पण या बहिणी आपल्याला कळतात त्या नवऱ्यांच्या आणि मुलांच्या कागदांतून.

कोणी म्हणेल, वंश म्हणजे गोत्र, ते बापाकडूनच चालते. चालू द्या. पण नोंद ठेवायला कोणत्या शास्त्राची आडकाठी आहे? परक्या सेनापतीने बायकोचे नाव पुसले म्हणून हळहळणाऱ्याने स्वतःची ओसरी तरी पाहावी, असे मला वाटते. आपण तर पुसलेही नाही, लिहिलेच नाही.

गेल्या दिवाळीत पेन्सिल घेऊन आत्याजवळ बसलो. शाईने लिहायचा धीर झाला नाही. तिला नऊ नावे आठवली, त्यातली चार सासरची, बदललेली. खापरपणजीशी येऊन ती अडली. डोळे मिटून बराच वेळ बसली आणि म्हणाली, "नाव नाही रे आठवत. पुसदकडची होती म्हणतात. गळा गोड होता."

चौकटीत मी तेवढेच लिहून ठेवले आहे.